कुठं चावतोय?

चौथे बक्कल ओढताना टाचेपाशी खट्ट आवाज झाला आणि मारिलेनाच्या हातात पांढरट प्लॅस्टिकचा एक तुकडा आला.

गाडीचे मागचे दार वर करून ती नेहमीप्रमाणे तिथेच बसली होती. शाळेचे बाकीचे स्की-शिक्षक खोलीतल्या बाकांवर ओळीने बसून, एकमेकांची उणीदुणी काढत बूट चढवत. ती मात्र गेली सत्तावीस वर्षे गाडीतच चढवत आली होती. तिने तुकडा तळहातावर उलटा करून पाहिला, मग डाव्या बुटाच्या टाचेवर अंगठा दाबला. चीर घोट्यापर्यंत सरकली. बिस्किटाचा कोपरा तुटावा तसा आणखी एक तुकडा निखळून बर्फात पडला.

"काय गं, काय मोडलं?" खांद्यावर स्की टाकून एजिदिओ चालला होता.

"काही नाही. बक्कल अडकलंय."

"रविवारी नऊला. मी खाली उभा राहून टाळ्या वाजवणार आहे."

"तू का नाही उतरत? तू तर माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा."

"माझा गुडघा!" त्याने गुडघ्यावर थाप मारली. "डॉक्टरची चिठ्ठी आहे. आणि नवा साहेब माझ्या आत्याचा मुलगा आहे, हेही काही वाईट नाही."

हसत हसत तो पुढे गेला. मारिलेनाने तुकडे गोळा करून खिशात घातले.

रुजेरो हा नवा संचालक ऑक्टोबरमध्ये पिआन दे लारेसच्या या स्की-शाळेत आला होता. पहिल्या सभेत सह्या करायला एकेक जण टेबलापाशी जात होता. मारिलेना उठून गेली तेव्हा त्याची नजर तिच्या पायांवर खिळली आणि बराच वेळ तिथेच राहिली. आठवड्याने फळ्यावर कागद लागला. पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक शिक्षकाला हंगामापूर्वी घड्याळ लावून उताराची चाचणी द्यावी लागेल. एक मिनिट दहा सेकंद. त्याहून उशीर झाला तर यंदा वर्ग मिळणार नाही. असे शिक्षक दोनच होते. त्यातल्या एकाकडे डॉक्टरची चिठ्ठी होती.

तिचे डावे पाऊल जन्मतःच आत वळलेले होते. तीन वर्षांची होईपर्यंत ते प्लास्टरमध्ये राहिले, मग पादोव्हाला दोन शस्त्रक्रिया झाल्या. पाऊल सरळ झाले, पण वाढले नाही. उजव्या पायाला एकोणचाळीस नंबर लागे, डाव्याला छत्तीस. शिवाय ते वरून पावासारखे फुगीर, घोट्यात ताठ, आणि वरची पोटरी हाताच्या मनगटाएवढी. जमिनीवर ती लंगडत चाले. पण नवव्या वर्षी शाळेच्या सहलीत तिला एक गोष्ट कळली होती. स्कीचे बूट घातले की वर्गातली सगळी मुले बदकासारखी चालत होती. तिच्यासारखीच. आणि बर्फावर घसरायला लागल्यावर तर कोण कसे चालते, हा प्रश्नच उरत नव्हता. त्या दिवसापासून ती डोंगरावरून खाली यायला तयारच नसे.

संध्याकाळी तिचा नवरा फाउस्तो चष्म्याच्या कारखान्यातून घरी आला तेव्हा टेबलावर तो बूट होता आणि बाजूला तुकडे एका बशीत काढलेले होते.

"जेवायला हेच का?" त्याने विचारले. मग तिच्या तोंडाकडे पाहून खुर्ची ओढली. "ओलिवोकडे जा की."

"ओलिवोकाकांचं डोकं गेलंय, फाउस्तो. दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली."

"मग दुसरा कुणी."

"दुसऱ्या कुणी माझे बूट कधी केलेलेच नाहीत."

त्याने बशीतला एक तुकडा उचलून पाहिला. "रागावू नकोस. पण तिकिटाच्या खिडकीवर जागा आहे म्हणतात. तिथं निदान ऊब असते."

मारिलेनाने कोबी चिरायला घेतला. तो नेहमीपेक्षा फार बारीक चिरला गेला.

शुक्रवारी तिने सुट्टी घेतली. खोऱ्यातल्या पहिल्या दुकानदाराने तिचा पाय पाहिला आणि फळीवरून बूट काढायचेही कष्ट घेतले नाहीत. दुसऱ्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "एकोणचाळीसची जोडी घ्या आणि डाव्यात तीन मोजे घाला. माझी नणंद तेच करते." त्यांच्या नणंदेच्या पायाला काय झाले आहे, हे विचारायची मारिलेनाला हिंमत झाली नाही. दुपारी ती खाली बेल्लुनोला पोहोचली. तिथल्या मोठ्या दुकानात पाय मोजायचे यंत्र आले आहे, असे तिने ऐकले होते.

दुकानदार पस्तिशीचा, राखलेल्या दाढीचा आणि बोलायला मऊ होता. त्याने तिला काचेच्या फळीवर उभे केले. पडद्यावर उजवे पाऊल हिरव्या-पिवळ्या रंगात उमटले. डाव्याच्या जागी टाचेचे एक लाल बेट आणि चवड्याचे एक लाल बेट दिसले. मधे काहीच नव्हते. त्याने बटण पुन्हा दाबले.

"यंत्र चुकतंय बहुतेक."

"यंत्र बरोबर आहे," मारिलेना म्हणाली.

त्याने प्रयत्न मात्र मनापासून केला. एकोणचाळीसच्या बुटात डावे पाऊल बादलीत ठेवल्यासारखे हलत होते. छत्तीसच्या बुटात ते शिरेचना. त्याने बुटाच्या कडा दोन्ही हातांनी फाकवल्या, तिने बाकाची कड धरून सगळे वजन टाकले, आणि पाऊल आत गेले तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बक्कल पट्टीपर्यंत पोहोचत नव्हते. मिनिटभरात बोटे बधिर झाली. शेजारच्या बाकावर बसलेल्या बाईने आपल्या मुलीला जरा पलीकडे सरकवले.

"खरं सांगू का बाई?" तिच्यासमोर उकिडवे बसत तो म्हणाला. "असं घासून-पुसून हे काम होणारं नाही. साचा घ्यावा लागेल, तो कारखान्यात पाठवावा लागेल. फेब्रुवारी उजाडेल."

"मला परवा सकाळी नऊला हवेत."

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला.

"ही एकोणचाळीसची जोडी द्या," ती म्हणाली. "आणि ही छत्तीसची."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्याने खोकी बांधली आणि वर हात ठेवून म्हणाला, "आठ दिवसांत आणलेत तर परत घेईन. पण जसेच्या तसे हवेत. लेबल निघालं किंवा साधा ओरखडा पडला, तरी मला घेता येणार नाहीत."

परतीच्या रस्त्यावर ती वळणावळणाला मागच्या सीटवरच्या खोक्यांकडे आरशातून पाहत होती. तिकिटाची खिडकी कशी असते, ते तिला माहीत होते. आत एक छोटा हीटर असतो, पायांशी. बाहेरून फक्त छातीपर्यंतचा माणूस दिसतो.

शनिवारी सकाळी ती वरच्या वाडीत ओलिवोच्या घरी गेली. दार उघडायला वेळ लागला. उघडले ते त्याच्या बायकोने, दोसोलिनाने. ती बुटकी, पाठीत वाकलेली, अंगावर निळे अ‍ॅप्रन घातलेली बाई होती. इतक्या वर्षांत मारिलेनाने तिच्या तोंडून दहा-बारा वाक्येही ऐकली नसतील. दुकानात थांबलेल्या गिऱ्हाइकांना कॉफी आणून देणे, जमिनीवरचा प्लॅस्टिकचा भुसा झाडणे आणि पुन्हा पडद्यामागे जाणे, एवढेच तिने केलेले आठवत होते.

"तो माणसं ओळखत नाही आता," दोसोलिना दारातच म्हणाली.

"माहीत आहे, काकू. पण एकदा पाय दाखवू दे त्यांना. कधी कधी हातांच्या लक्षात राहतं म्हणतात."

दोसोलिनाने तिच्या दोन्ही काखांतली खोकी पाहिली. "दोन जोड्या," ती स्वतःशीच म्हणाली आणि बाजूला झाली.

ओलिवो स्वयंपाकघरात बसला होता. त्याच्यापुढे घेवड्याचे दाणे होते. डागाळलेले दाणे तो एका बाजूला काढत होता आणि ढीग पुरेसा झाला की दोन्ही पुन्हा एकत्र करत होता. मारिलेनाने नाव सांगितले तेव्हा त्याने नम्रपणे मान हलवली. पण तिने खोके उघडून बूट टेबलावर ठेवला, तसा तो ताडकन उठला.

"या, या, राणीसाहेब! बोला, कुठं चावतोय?"

तोच आवाज होता. तेच लांबवलेले 'बोला'. तो तुरुतुरु चालत खालच्या दुकानाच्या जिन्याकडे निघालाही होता.

खाली अजून डिंकाचा आणि करपलेल्या प्लॅस्टिकचा वास होता. यंत्रांवर चादरी टाकलेल्या होत्या. पूर्वीचा पडदा काढून टाकल्यामुळे मागचे कामाचे टेबल उघडे दिसत होते. ओलिवो आपल्या बुटक्या स्टुलावर बसला, मांडीवर फडके पसरले आणि तिचा पाय उचलून घेतला. उजवा.

"काका, डावा."

"हा हा, डावा. फार गोड पाय आहे." तो उजवाच दाबत होता. "तुम्हाला सांगतो, या जगात कुठं तरी एक बाई आहे, जिचा उजवा छत्तीस आणि डावा एकोणचाळीस. ती सापडली की आपण निम्म्या खर्चात बूट आणू. मी वर्तमानपत्रात जाहिरात देणार आहे."

हा विनोद तो ती पंधरा वर्षांची असल्यापासून करत आला होता. ती हसली.

"बोला, कुठं चावतोय?"

"पावलावर, वरच्या बाजूला. बक्कलच लागत नाही."

"अच्छा, अच्छा. आणि कुठं चावतोय?"

तिने पुन्हा सांगितले. त्याने तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा तिने त्याच्या हातांकडे पाहिले. हात पायावरून फिरत होते. पण मांजराच्या पाठीवरून फिरावेत तसे. मग तो उठला, गरम हवेचे पिस्तूल त्याने फडताळातून काढले आणि नळीकडून धरले. दोसोलिनाने ते त्याच्या हातातून काढून घेतले आणि त्याला फडके दिले. तो त्या फडक्याने बूट पुसू लागला.

मारिलेनाने मोजा उचलला. सोमवारी बेल्लुनोला जाऊन जोड्या परत करता येतील. त्याआधी आज दुपारीच रुजेरोला फोन करावा. काय म्हणावे, ते वाक्य ती मनात जुळवू लागली. गुडघा म्हणावे, की कंबर?

"बस खाली," दोसोलिना म्हणाली.

"राहू दे, काकू. तुम्हाला उगीच त्रास दिला."

"डाव्याचा मोजा काढ."

आवाजात आग्रह नव्हता. भाजी चिरून ठेव म्हणावे तसे ती म्हणाली. अ‍ॅप्रनच्या खिशातून तिने चष्मा काढला, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली आणि पाऊल दोन्ही हातांत घेतले. तिचा अंगठा थेट घोट्यामागच्या हाडावर गेला. तिथून तो पावलाच्या फुगवट्याच्या कडेकडेने करंगळीच्या मुळापर्यंत उतरला. कुठेही चाचपडला नाही.

"बारीक झालीस. टाचेवरचं मांस गेलंय." अंगठा थांबला. "आणि हा घट्टा नवा आहे. केव्हा पडला?"

"मागच्या हिवाळ्यात."

"तेव्हाच यायचंस. तो बूट चौदा वर्षांचा झाला होता. बारा वर्षांनंतर प्लॅस्टिकचा भरवसा नसतो."

मारिलेना तिच्या डोक्यावरच्या पांढऱ्या भांगाकडे पाहत राहिली. बूट चौदा वर्षांचा आहे, हे तिने इथे कुणालाही सांगितले नव्हते.

दोसोलिना उठली. छत्तीसच्या जोडीतला डावा बूट तिने खिडकीच्या उजेडात धरून आतून पाहिला. मग लेबलाची दोरी बोटावर गुंडाळली.

"एकदा यंत्र लागलं की दुकानदार परत घेणार नाही. तोडू?"

मारिलेनाने ओलिवोकडे पाहिले. तो उजव्या बुटावर फुंकर मारून फडके घासत होता, अगदी रंगात येऊन. तिने पुन्हा दोसोलिनाकडे पाहिले. दोसोलिना घाई करत नव्हती. तिच्या तर्जनीच्या पेरावर प्लॅस्टिक भाजल्याचा एक जुना, गुळगुळीत डाग होता. असे डाग किती वर्षांत इतके गुळगुळीत होतात कोण जाणे.

"तोडा," मारिलेना म्हणाली.

चादरी निघाल्या. आधी बुटाचे मऊ अस्तर बाहेर आले. मग कवचाच्या आत खडूने चार खुणा झाल्या. घासायचे यंत्र सुरू झाले आणि दोसोलिनाने त्यांच्याकडे पाठ केली.

"बोला राणीसाहेब, कुठं चावतोय?" ओलिवोने विचारले.

आता काय सांगायचे? पण तो डोळे तिच्याकडे लावून बसला होता. ती म्हणाली, "घोट्याच्या आत, जरा वरच्या बाजूला. उतारावर जोर दिला की तिथं कळ येते."

मागचे यंत्र थांबले. क्षणभराने ते पुन्हा सुरू झाले, पण आवाज बदलला होता. बुटाची दुसरी जागा घासली जात होती.

"आणि कुठं?"

"चवड्याखाली. बाहेरच्या कडेला."

यंत्र पुन्हा थांबले. खडू घासल्याचा आवाज आला.

मारिलेना बोलत राहिली आणि बोलता बोलता तिला काहीतरी आठवू लागले. इथेच, याच खुर्चीवर ती किती वेळा बसली होती. ओलिवो बूट घेऊन पडद्यामागे जाई, "आत्ता बघून आणतो" म्हणे आणि दोन मिनिटांत हात पुसत बाहेर येई. मग तो समोर बसून गप्पा मारत असे. कुणाचे लग्न मोडले, कुणाची गाय डोंगरावर हरवली. अर्धा अर्धा तास. आणि तेवढा वेळ पडद्यामागे यंत्र चालू असे. एवढी वर्षे ते यंत्र तिने ऐकले होते. ते कोण चालवते, असा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता.

"काकू," ती म्हणाली.

"उजवा दे."

तिने उजवा बूट दिला. दोसोलिनाने तो न बघताच बाजूला ठेवला. "तू नऊ वर्षांची होतीस," ती बुटाच्या आत बोलल्यासारखी बोलली. "तुझे वडील घेऊन आले होते. तो पाय बघून हा मागं आला, पांढराफटक पडलेला. म्हणाला, आपल्याला जमायचं नाही, नको म्हणून सांगतो. मी म्हटलं, सांगू नकोस. तिला नुसतं विचार, कुठं दुखतं. आणि मला येऊन सांग."

"आणि बाकीच्यांचे बूट?"

दोसोलिनाने कवचातला भुसा फुंकून उडवला. "बोलायला हा फार चांगला. माणसं त्याच्याकडे यायची."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं?"

त्यात तक्रार होती की नव्हती, ते मारिलेनाला कळले नाही. दोसोलिनाने गरम हवेचे पिस्तूल कवचावर धरले. प्लॅस्टिक मऊ झाल्यावर तिने आत कवच ताणायचा लोखंडी दाब बसवला आणि स्क्रू फिरवायला लागली. दर वेढ्याला तिचे ओठ आवळले जात. दोनदा तिने हात झटकले, बोटे काखेत धरून ऊब दिली आणि पुन्हा स्क्रू धरला.

"मी फिरवू का?"

"नको. किती झालं ते हातालाच कळतं."

पहिल्यांदा घालून पाहिला तेव्हा बक्कल लागले, पण पाऊल पेटल्यासारखे झाले. दुसऱ्यांदा टाच उचलली जात होती. दोसोलिनाने अस्तर उसवले, आत बुचाची पातळ चकती घातली आणि जाड सुईने शिवून टाकले. दुपारी तिघांनी वर जाऊन घेवड्याचे सूप खाल्ले. ओलिवोने मारिलेनाला विचारले, "तुम्ही कोणाच्या?" तिने वडिलांचे नाव सांगितले. "चांगला माणूस," तो म्हणाला. "त्याच्या पोरीचा पाय मी केला."

दोसोलिनाने त्याच्या बशीत आणखी सूप वाढले.

तीनच्या सुमारास चौथ्यांदा बूट चढला. मारिलेना उभी राहिली, पुढे झुकली, गुडघे वाकवले. आग नव्हती. करंगळीपाशी मात्र अजून काहीतरी टोचत होते.

"तिथं आणखी घासलं तर कवच फाटेल," दोसोलिना म्हणाली. "उद्या थंडीत प्लॅस्टिक आवळेल. तेव्हा टोचायचं थांबेल, नाहीतर वाढेल. आज सांगता येत नाही."

"वाढलं तर?"

"तर सोमवारी ये."

सोमवारी येऊन काही उपयोग नव्हता. मारिलेनाने बूट खोक्यात भरले. ओलिवो तिला दारापर्यंत सोडायला आला. "झाले ना झकास? ओलिवोनं केलेत म्हणून सांगा सगळ्यांना!"

"सांगेन, काका."

तो आत वळल्यावर दोसोलिना हळूच म्हणाली, "तेवढं सांगच. कुणी येऊन बूट छान झाले म्हणालं, की तो चार दिवस नीट जेवतो."

रविवारी सकाळी पारा उणे अकरावर होता. मारिलेनाने गाडीत बूट चढवले. बक्कले लागली. वर जाणाऱ्या पाळण्यात बसल्यावर डाव्या करंगळीत मुंग्या यायला लागल्या. तिने बोटे हलवायचा प्रयत्न केला. चौथ्या खांबापर्यंत मुंग्या होत्या, सहाव्यापाशी टोचणी झाली, आठव्यापाशी ती वाढली. खाली उतारावर लाल-निळ्या काठ्या रोवलेल्या दिसत होत्या. तिने त्या मोजायला घेतल्या आणि दोनदा चुकली. ती पाळण्यातून उतरली.

वर एकच माणूस होता. त्याने हात वर केला. "तयार?"

तिने मान हलवली. टोचणी होतीच.

पहिल्या दोन काठ्या तिने घाबरून, लांबून घेतल्या. तिसऱ्या वळणावर उतार एकदम तुटतो. तिथे सवयीने तिने डाव्या पायावर नेहमीपेक्षा जास्त जोर दिला. जुन्या बुटात आधी पाऊल थोडे हले, मग बूट, आणि मग कुठे स्की वळे. ती आयुष्यभर तेवढा हिशेब धरून वळत आली होती. आज मधे काही हललेच नाही. स्की तडक वळली आणि ती काठीच्या इतकी आत घुसली, की खांदा आपटला आणि तोल गेला. हात बर्फाला घासला. संपले, असे तिला वाटले. पण डावा पाय तिच्याखाली ठाम उभा होता. ती त्याच्यावर सावरली. पुढच्या काठीला तिने जोर कमी दिला. त्याच्या पुढच्या काठीला आणखी कमी. मग कुठल्या तरी वळणावर तिला पायांची आठवणच राहिली नाही. कानांत वारा होता आणि समोर एकामागून एक काठ्या येत होत्या.

खाली थांबली तेव्हा तिला धाप लागली होती. एजिदिओने टाळ्या वाजवल्या, बोलल्याप्रमाणे, आणि कॉफी प्यायला निघून गेला. रुजेरो हातातल्या घड्याळाकडे पाहत उभा होता. त्याने आकडा वहीत लिहिला. वही मिटली. मग त्याची नजर खाली गेली, तिच्या पायांवर, आणि तिथेच राहिली.

मारिलेनाने हातातल्या काठ्या घट्ट धरल्या.

"एक मिनिट आठ," तो म्हणाला. "तिसऱ्या काठीला मला वाटलं, गेलात तुम्ही."

"मलाही वाटलं."

"मोठ्यांचा वरचा वर्ग घ्याल? गुरुवारपासून."

"घेईन."

आता तो जाईल असे तिला वाटले. तो गेला नाही. त्याने कॉफीच्या टपरीकडे पाहिले. तिथे एजिदिओची पाठ होती. "बूट नवे आहेत," तो म्हणाला. "कुणी केले?"

"का?"

तो खाली वाकला आणि आपल्या उजव्या बुटाची वरची दोन बक्कले सोडली. सोडताना त्याचा श्वास दातांतून आत ओढला गेला. "पावलाच्या कडेला हाड वाढलंय. तीन हंगाम झाले. दुपारपर्यंत दोन गोळ्या घेतो, तेव्हा कुठं उभा राहतो. बोल्झानोत तिघांना दाखवलं. तिघांनी बूट बिघडवले." तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "कुणाला बोलायचं नाही हं. घड्याळ घेऊन उभा राहणाऱ्याचंच हे असं."

त्याचा चेहरा थंडीतही घामेजला होता. तो चाळिशीचाच असेल, असे मारिलेनाच्या पहिल्यांदाच ध्यानात आले.

"वरच्या वाडीत ओलिवो म्हणून आहेत," ती म्हणाली.

"म्हातारा बूटवाला? त्याचं तर डोकं गेलंय म्हणतात."

मारिलेनाने टोपी काढून केसांतला बर्फ झटकला. तेवढ्यात काय बोलायचे ते तिने ठरवले.

"हात शाबूत आहेत," ती म्हणाली. "सकाळी जा. मोजा काढून बसा. काका विचारतील, कुठं चावतोय. ते पुन्हा पुन्हा विचारतील. दर वेळी नीट उत्तर द्यायचं, कंटाळायचं नाही. आणि मोठ्यानं बोला."

"ऐकायला कमी येतं का त्यांना?"

"त्यांना नीट ऐकू येतं," मारिलेना म्हणाली. "तरी मोठ्यानं बोला. मागच्या टेबलापर्यंत पोहोचेल असं."